गाऱ्हाणे आणि प्रार्थना : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील शोक व शंका यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धर्माच्या इतिहासात श्रद्धेची नोंद विपुल प्रमाणात आढळते. शंकेची नोंद त्या मानाने क्वचितच होते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासालाही हे विधान लागू पडते. मिशनसंस्थांच्या अहवालांतून बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या, शाळा, दवाखाने, मंडळ्या यांची माहिती मिळते. परंतु बाप्तिस्म्यानंतर त्या माणसाने देवाला कोणते प्रश्न विचारले, मूल गेल्यावर किंवा आप्तेष्टांनी दार बंद केल्यावर त्याची प्रार्थना कोणत्या शब्दांत उमटली, याविषयी हे अहवाल बहुधा मौन बाळगतात. देणगीदारांसाठी लिहिलेल्या अहवालात अढळ श्रद्धेला स्थान असते, डळमळलेल्या श्रद्धेला नसते. त्यामुळे केवळ अहवालांवर विसंबून लिहिलेला इतिहास एकांगी ठरतो.

प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या जीवनाच्या व लेखनाच्या आधारे ख्रिस्ती प्रार्थनेतील शोक व शंका यांचा विचार केला आहे. या तिघांनी देवापुढे दुःख आणि प्रश्न लपविले नाहीत. त्यांच्या या प्रांजळपणाला बायबलमधील विलापाची आणि महाराष्ट्रातील भक्तीची, अशा दोन परंपरांचा आधार होता, हे दाखविणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) बायबलमधील विलापपर प्रार्थनेचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट करणे. २) वारकरी परंपरेतील देवाशी केलेल्या भांडणाशी तिचे असलेले साम्य व भेद पाहणे. ३) रमाबाई, टिळक व लक्ष्मीबाई यांच्या जीवनातील शोक व शंकेचे प्रसंग ऐतिहासिक संदर्भात तपासणे. ४) पत्र, साक्ष, भक्तिगीत व आत्मचरित्र या साधनांचे मूल्यमापन करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके कोकणपट्टी व दख्खनचे पठार यांच्या सांध्यावर वसलेले आहेत. शहापूर तालुक्यातून कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे आणि मुरबाड तालुक्यातून नाणेघाट व माळशेज घाटाने जुन्नर, नगरकडे जाता येते. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख या मार्गाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेचे दोन मुख्य प्रवाहही या सांध्याच्या दोन बाजूंना विकसित झाले, ही बाब लक्षणीय आहे.

पश्चिमेला वसई परिसरात पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) कॅथलिक परंपरा रुजली. थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले, तर उत्तर कोकणाच्या बोलीशी निगडित असलेले फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ मधील आहे. ख्रिस्ताचे मरण ओवीबद्ध करून सांगण्याची प्रथा त्यामुळे या भागात जुनीच म्हणावी लागेल. पूर्वेला, घाटावर, अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र उभारले आणि प्रॉटेस्टंट मराठी वाङ्मयाचा प्रवाह सुरू झाला. विल्यम केरी यांनी सिरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला होता. पुढे जुन्या कराराचेही भाषांतर झाले आणि स्तोत्रसंहिता, ईयोब, विलापगीत हे ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आले. या लेखात अभ्यासलेल्या तिन्ही व्यक्ती प्रामुख्याने या दुसऱ्या, घाटावरच्या प्रवाहाशी संबंधित आहेत.

बायबलमधील विलाप

स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे असून त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. हर्मन गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्तोत्रांचे वर्गीकरण केले, तेव्हा व्यक्तिगत विलाप व सामुदायिक विलाप असे दोन स्वतंत्र प्रकार मानले. या स्तोत्रांची एक ठराविक घडण दिसते. आरंभी देवाला हाक, मग दुःखाचे कथन व ‘का?’ आणि ‘कुठवर?’ हे प्रश्न, त्यानंतर मागणी आणि बहुधा शेवटी विश्वासाची कबुली. मात्र ८८ व्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो. तेथे दिलासा नाही. तरीही ते स्तोत्र संहितेतून वगळले गेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

ईयोबाच्या ग्रंथात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने येतो. निर्दोष ईयोबावर संकटे कोसळतात. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करू पाहतात. ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो. अखेरच्या, ४२ व्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि ईयोबाचे बोलणे यथार्थ होते असा निर्वाळा देतो. देवाची वकिली करणाऱ्यांपेक्षा देवाशी वाद घालणारा देवाला जवळचा वाटला, असा याचा अर्थ होतो. नव्या करारात येशू गेथशेमाने बागेत आपले मरण टळावे अशी विनवणी करतो आणि क्रूसावर २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचा त्यागाचा प्रश्न उच्चारतो. ख्रिस्ती प्रार्थनेत विलापाला असलेल्या अधिकाराचे मूळ येथे आहे. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की, उपासनेतून विलाप नाहीसा झाला की न्यायाचा प्रश्न विचारण्याची सवयही नाहीशी होते. महाराष्ट्रातील उदाहरणांच्या संदर्भात हे प्रतिपादन विचारात घेण्याजोगे आहे.

भक्तिपरंपरेतील गाऱ्हाणे

मराठीत ‘गाऱ्हाणे’ या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आणि कोकणात ग्रामदेवतेपुढे घातले जाते ते गाऱ्हाणे म्हणजे प्रार्थना. तक्रार आणि प्रार्थना यांसाठी एकच शब्द असणे, हे या समाजाच्या धर्मभावनेविषयी बरेच काही सांगून जाते. वारकरी संतांच्या अभंगांतही विठ्ठलाशी रुसणे, त्याला बोल लावणे, त्याच्याकडे हक्काने मागणे हे सर्व आढळते. नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांच्या रचनांत हा सूर स्पष्ट आहे. तुकारामांनी १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी व मुलगा गमावला, व्यापार बुडाला. त्यांच्या अभंगांतील व्याकुळतेला ही पार्श्वभूमी आहे.

दोन्ही परंपरांत भेदही आहेत. विठ्ठलाशी होणारे भांडण बहुतांशी घरातल्या माणसाशी होणाऱ्या भांडणासारखे, मायलेकरांच्या नात्यातील असते. इस्राएलचा विलाप करारावर आधारलेला असतो. देवाने दिलेल्या वचनाची त्याला आठवण करून दिली जाते. एकात नात्याचा हक्क आहे, दुसऱ्यात वचनाचा. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत हे दोन्ही हक्क एकत्र आलेले दिसतात.

पंडिता रमाबाई : पत्रातील शंका आणि साक्षीतील स्थैर्य

रमाबाईंच्या जीवनात प्रार्थना निष्फळ ठरल्याचा अनुभव धर्मांतराच्या आधीचा आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात या कुटुंबाजवळचे सर्व द्रव्य संपले. दाने दिली, उपवास केले, पारायणे केली. परंतु अन्न मिळाले नाही. पाठोपाठ वडील, आई व थोरली बहीण यांचे निधन झाले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाईंच्या पदरी वैधव्य आणि एक तान्ही मुलगी एवढेच उरले होते. ‘अ टेस्टिमनी’ (१९०७) या लहानशा पुस्तकात त्यांनी दुष्काळाचा हा अनुभव सविस्तर कथन केला आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र बाप्तिस्म्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम येथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याचा सिद्धान्त, येशूच्या जन्माविषयीची शिकवण आणि चर्चचा अधिकार यांविषयी निर्भीडपणे शंका मांडल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसऱ्याच्या जोखडात मान देण्याची आपली तयारी नाही, असा १८८५ मधील त्यांच्या पत्राचा आशय आहे. सिस्टर जेराल्डिन यांना या प्रश्नांत अहंकार दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने ती सदसद्विवेकबुद्धीची मागणी होती. विशेष म्हणजे एवढा वाद चालू असतानाही रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ असे संबोधीत. मतभेदाने नाते तुटत नाही, ही जी रीत पत्रांत दिसते, तीच प्रार्थनेतही दिसते. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रमाबाईंकडे पाहण्याची अभ्यासकांची दृष्टी त्यामुळे अधिक व्यापक झाली.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने येथे एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. १८८० च्या दशकातील पत्रे घटना घडत असताना लिहिली गेली. १९०७ ची साक्ष १८९१ च्या आध्यात्मिक अनुभवानंतर, मागे वळून पाहताना लिहिली गेली. साक्षीत शंकेचे रूपांतर निश्चयाकडे जाणाऱ्या एका टप्प्यात झालेले दिसते. पत्रांत मात्र पुढे काय होणार हे लिहिणारीलाही माहीत नाही. म्हणून शंकेचा इतिहास लिहिताना पत्रांना अग्रस्थान दिले पाहिजे. अर्थात साक्षही खोटी ठरत नाही, कारण वेदनेला अर्थ देण्याचा तो त्यांचाच प्रयत्न होता.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. भुकेने आईबाप गमावलेल्या या मुलींमध्ये रमाबाईंना आपलेच बालपण दिसले असल्यास नवल नाही. १९०५ मध्ये येथे झालेल्या जागृतीच्या काळात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करू लागल्या. ही प्रार्थना मुख्यतः पापकबुलीची होती असे समकालीन वृत्तांत सांगतात. परंतु दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या त्या सामूहिक रडण्यात आजवर दडपलेला शोकही असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. या गलबल्यावर आक्षेप घेतले गेले, तेव्हा भारतीय ख्रिस्ती लोकांना आपल्या रीतीने व्यक्त होऊ द्यावे, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ईयोबाचे प्रश्न आणि विलापाची स्तोत्रे सोप्या मराठीत आणणाऱ्या या स्त्रीने स्वतःची सर्व माणसे गमावली होती, हे त्या भाषांतराकडे पाहताना विसरता येत नाही.

नारायण वामन टिळक : अभंगातील आळवणी

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांना व कुटुंबाला तत्काळ मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांच्यापासून ते सुमारे साडेचार वर्षे दूर राहिले. त्या काळी धर्मांतर म्हणजे सामाजिक मृत्यूच होता. सुतक, श्राद्ध, पंगत, सोयरीक या सर्व व्यवहारांतून माणूस एका दिवसात बाहेर पडे. दुःखाच्या वेळी शेजारी येऊन बसणारे भाऊबंद त्याला उरत नसत. अशा माणसाची प्रार्थना ही केवळ उपासना राहत नाही; जे एरवी भावाजवळ किंवा आईजवळ बोलायचे, तेही देवाजवळच बोलावे लागते.

टिळकांच्या भक्तिरचनेत ख्रिस्त हा गुरू आहे, सखा आहे आणि आईही आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. या पुलावरून केवळ छंद व शब्दकळा आली असे नाही, तर देवाशी बोलण्याची रीतही आली. इंग्रजी भजनांची चालीसह केलेली भाषांतरे मराठी मंडळ्यांत गायिली जात असताना टिळकांनी अभंग, ओवी, पदे यांतून विरह, तळमळ, स्वतःविषयीचा असंतोष आणि आळवणी यांना उपासनेत स्थान दिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने समाविष्ट आहेत व त्या आजही गायिल्या जातात. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरील त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता भक्तिगीत नव्हे. परंतु निरपराध जीवाच्या दुःखाने अस्वस्थ होणारे मन तेच आहे.

टिळकांचा असंतोष संस्थेविषयीही होता. परकीय मिशनच्या चौकटीत भारतीय ख्रिस्ती माणसाची वाढ खुंटते, या जाणिवेतून त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांची संघटना सुरू केली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपूर्ण राहिला. तथापि देवावरील निष्ठा आणि संस्थेविषयीची शंका एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हे त्यातून स्पष्ट होते.

लक्ष्मीबाई टिळक : हसतमुख विलाप

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. औपचारिक शिक्षण नसलेल्या या लेखिकेने मराठी आत्मचरित्राला नवे वळण दिले. पतीच्या धर्मांतराची वार्ता, त्यानंतरचा वियोग, नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस, लोकांचे बोल हे सर्व त्यांनी कोणताही आव न आणता सांगितले आहे. त्यांच्या विनोदामुळे वाचक हसतो. पण ज्या प्रसंगावर तो हसतो तो प्रसंग बहुधा दुःखाचा असतो.

लक्ष्मीबाईंची शंका ही सिद्धान्ताची नव्हती. पतीकडे परतल्यावरही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. आपले सोवळेओवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. जात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर त्यांना स्वतःच्या विचाराने मिळाले आणि त्यानंतरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या प्रश्नाचा शेवट लागल्यावर धर्म स्वीकारणारी ही स्त्री होती. रमाबाईंच्या शंका बाप्तिस्म्यानंतरच्या, तर लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यापूर्वीच्या. परंतु दोघींनीही शंकेला पुरते बोलू दिले, हे समान सूत्र आहे.

पुढील काळातही मृत्यूने त्यांची पाठ सोडली नाही. टिळकांच्या घरी मुलासारखे वाढलेले कवी बालकवी ठोमरे ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वेखाली सापडून मरण पावले आणि त्यानंतर सुमारे एका वर्षाने टिळक गेले. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले व बहुतांश अध्याय स्वतः रचून पूर्ण केले. शोकाला कामाचे रूप देण्याचा हा मार्ग होता असे म्हणता येईल. पतीचे शब्द जेथे थांबले तेथून पुढे ख्रिस्ताच्या दुःखाची कथा सांगणे, ही त्यांची प्रार्थनाच होती.

तौलनिक विवेचन

तिन्ही उदाहरणांचा एकत्रित विचार केल्यास काही बाबी स्पष्ट होतात. रमाबाईंची शंका वादाच्या रूपाने, टिळकांची आळवणीच्या रूपाने आणि लक्ष्मीबाईंची घरगुती कथनाच्या रूपाने व्यक्त झाली. प्रत्येकाचे साधनही वेगळे आहे : पत्र, अभंग आणि आत्मचरित्र. भक्तिगीत समूहासाठी असल्याने त्यातील तक्रार सौम्य होते. पत्र एका व्यक्तीसाठी असल्याने त्यात ती तीव्र राहते. आत्मचरित्रात काळाच्या अंतरामुळे तिला विनोदाची जोड मिळते. शोकाच्या इतिहासाची साधने वाचताना हे भेद ध्यानात न घेतल्यास टिळक नेहमीच भावविभोर, रमाबाई नेहमीच बंडखोर आणि लक्ष्मीबाई नेहमीच आनंदी, अशी साचेबंद चित्रे तयार होतात.

दुसरे असे की, तिघांचीही तक्रार देवाला सोडून जाणाऱ्याची नाही. ज्याच्यावरचा विश्वास संपला त्याच्याशी माणूस भांडत नाही, गप्प राहतो. गाऱ्हाणे घालणे हे नाते शिल्लक असल्याचे लक्षण होय. मात्र यावरून प्रत्येक शंकेचा शेवट श्रद्धेतच झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्यांनी पत्रे लिहिली नाहीत, ज्यांना लिहिता येत नव्हते, अशा असंख्य धर्मांतरितांची प्रार्थना इतिहासाच्या हाती लागलेली नाही. केडगावच्या त्या मुलींची नावे व शब्द बहुतांशी हरपले आहेत.

निष्कर्ष

१) मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील शोक व शंका हे श्रद्धेतील वैगुण्य नसून प्रार्थनेचा एक अधिकृत व प्राचीन प्रकार आहे.

२) या प्रकाराला स्तोत्रसंहिता व ईयोब यांची शास्त्रीय मान्यता लाभली आणि वारकरी भक्तीमुळे त्याला मराठी भाषा व भाव मिळाला.

३) दुष्काळ, वैधव्य आणि बहिष्कार या सामाजिक कारणांनी ही प्रार्थना घडविली. सोयरेधायरे दुरावलेल्या माणसाला मन मोकळे करण्यासाठी देवाखेरीज दुसरे ठिकाण उरले नव्हते.

४) धर्मांतराच्या इतिहासलेखनात अहवाल व साक्षी यांच्या जोडीला पत्रे, गीते व आत्मचरित्रे यांचा समतोल वापर होणे आवश्यक आहे.

ही परंपरा पुढेही खंडित झालेली नाही. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) ही विलापाची स्तोत्रे ख्रिस्तेतर मराठी वाचकांपर्यंतही पोहोचविली. या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. किनाऱ्यावरचा आणि घाटावरचा असे दोन्ही प्रवाह आता एकाच मराठी वाचकापुढे आहेत.

या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या शहापूर–मुरबाड परिसरातील महाविद्यालयांना या विषयाच्या निमित्ताने एक काम करता येण्यासारखे आहे. हेमा राईरकर व गी पॉईटवाँ यांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित करून ग्रामीण स्त्रीचा शोक इतिहासाच्या कक्षेत आणला. घाटाखालच्या गावांतील वृद्ध स्त्रियांच्या ओव्या, देवाला घातली जाणारी गाऱ्हाणी आणि मयताच्या प्रसंगी केला जाणारा विलाप यांची नोंद विद्यार्थ्यांनी वेळीच केली, तर ज्यांनी कधी पत्र लिहिले नाही त्यांचीही प्रार्थना अभ्यासकांना उपलब्ध होईल. रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या शेजारी त्या अनाम स्त्रियांचे शब्द ठेवून पाहणे, ही या अभ्यासाची पुढील दिशा ठरावी.